कॉकपिटमधली डुलकी मोजायची कशी?

समाजमाध्यमांवर दर दोन-चार महिन्यांनी एक पोस्ट फिरत येते: 'नासा सांगते, बरोबर २६ मिनिटं डुलकी काढा, कामगिरी ३४ टक्के आणि सतर्कता ५४ टक्के वाढते.' वामकुक्षीला थेट नासाचं प्रमाणपत्र मिळालं म्हणून आपणही खूश. पण २६ या आकड्यात जादू काही नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वैमानिकांना ४० मिनिटं दिली होती. डोळा लागायला सरासरी साडेपाच-सहा मिनिटं गेली आणि प्रत्यक्ष झोप झाली सरासरी २६ मिनिटं, इतकंच. पोस्टमध्ये कधीच नसतो तो प्रश्न वेगळा आहे. प्रवाशांनी भरलेल्या विमानात वैमानिकाला झोपू द्यायचा प्रयोग सुरक्षितपणे केला कसा?

पॅसिफिक महासागर ओलांडणारी ती नेहमीचीच उड्डाणं होती आणि कॉकपिटमध्ये तिघे असायचे: कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर. एका वेळी एकानेच झोपायचं, तेही आपल्याच खुर्चीत आणि समुद्रावरच्या कमी कामाच्या टप्प्यात. कोणाची पाळी कधी हे आधीच ठरलेलं. उठल्यावर २० मिनिटं त्याच्याकडे काम सोपवायचं नाही. एकूण २१ वैमानिकांपैकी १२ जणांना विश्रांती मिळाली, ९ जणांना नाही. नासाचे निरीक्षक विमानात हजर होते.

ती २० मिनिटं कशासाठी, हे समजायला मंगळूरकडे पाहावं लागतं. २२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं बोइंग ७३७ धावपट्टी ओलांडून दरीत कोसळलं आणि १५८ जण गेले. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनच्या घोरण्याचा आवाज आहे; साधारण दोन तासांच्या त्या मुद्रणात सुमारे १ तास ४० मिनिटं तो झोपेत होता. गाढ झोपेतून उठलेल्या मेंदूचे सगळे भाग एकदम जागे होत नाहीत. डोळे उघडे, हात चालू, पण निर्णय घेणारा पुढचा भाग अजून गुंगीत. याला निद्राजडत्व म्हणतात. झोप जितकी लांब आणि खोल, तितकी ही गुंगी वाईट. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर घ्यायला तीनदा सुचवलं, तरी उतरणं थांबलं नाही. चौकशी अहवालाने निद्राजडत्वाकडेही बोट दाखवलं. झोप आली ती आली. पण तिची वेळ ठरलेली नव्हती आणि उठल्यानंतर सावरायची सोयही नव्हती.

आता मोजमापाकडे. मेंदूच्या लहरी टिपायला डोक्यावर आणि डोळ्यांच्या हालचालींसाठी डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड चिकटवतात. प्रयोगशाळेत यात काही विशेष नाही. कॉकपिटमध्ये मात्र प्रत्येक वायरचा मार्ग आधी तपासावा लागतो, कारण केबिनमधला दाब गेला तर वैमानिकाला ऑक्सिजनचा मास्क एका हाताने, पाच सेकंदांत चढवता आला पाहिजे. वायर मास्कच्या पट्ट्यात अडकली तर प्रयोगच अपघाताचं कारण ठरेल. म्हणून वायरी मागे मानेवरून खाली नेऊन, हेडसेट आणि मास्क दोन्ही चढवून पाहायचे, मगच उड्डाण.

दुसरं साधन सतर्कता चाचणीचं. दहा मिनिटं एका छोट्या पडद्याकडे पाहायचं; २ ते १० सेकंदांच्या अनियमित अंतराने आकडा उमटला की बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदापेक्षा उशीर झाला तर ती एक चूक. झोप कमी पडली की सरासरी वेग थोडाच घसरतो, पण मधूनच एखादा प्रतिसाद एकदम लांबतो, कारण मेंदू काही क्षण गेलेलाच असतो. पण चाचणी देणारा दहा मिनिटं विमानाकडे पाहत नाही. म्हणून चढताना-उतरताना चाचणी नाही, दोघांची एकदम नाही आणि रेडिओवर हाक आली की चाचणी तिथेच सोडायची. निरीक्षकाने कधी हस्तक्षेप करायचा, हेही आधीच लिहून ठेवायचं. डेटा वाया गेला तर जाऊ द्यावा.

नासाच्या त्या अभ्यासात उड्डाणाच्या शेवटच्या ९० मिनिटांत, विश्रांती न मिळालेल्या गटात मेंदू किंवा डोळे झोपेकडे झुकल्याचे १२० प्रसंग नोंदले गेले. विश्रांती घेतलेल्यांत ३४. शेवटच्या अर्ध्या तासात, म्हणजे उतरण्यापर्यंत, २२ विरुद्ध शून्य. 'मला कमी झोपेची सवय आहे' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक: २००३ च्या एका प्रयोगात दोन आठवडे रोज सहा तास झोपलेल्यांच्या चुका वाढतच गेल्या, पण आपल्याला झोप येतेय ही जाणीव मात्र काही दिवसांत स्थिरावली.

इतक्या काळजीने केलेल्या प्रयोगाच्या उलट टोकाचं उदाहरणही विमानातलंच. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी लष्कराच्या अभ्यासात नव्या सैनिकांना डीसी-३ विमानात बसवलं, हवेत इंजिनाचा एक पंखा थांबवला, विमान समुद्रात उतरवावं लागेल असं भासवलं आणि आपल्या मालमत्तेचं काय करायचं याचा अर्ज भरायला लावला. घाबरलेला माणूस सूचना किती लक्षात ठेवतो, हे पाहायचं होतं. वास्तविक, प्रयोगाला संमती आणि त्यातून माघारीचा हक्क सांगणारी न्यूरेम्बर्ग संहिता १९४७ चीच, आणि तिच्या मुळाशी जर्मन हवाई दलासाठी डाखाउच्या छळछावणीत केलेले विरळ हवेचे प्रयोगही आहेत.

आज असा बनाव कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. आजची अडचण जास्त बारीक आहे. वैमानिक नोकरदार असतो. चीफ पायलटच्या केबिनमध्ये घेतलेली सही ही संमती नव्हे. त्यात ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूच्या लहरींच्या आलेखात, काही वेगळं दिसलं तर वैद्यकीय पात्रतेचं प्रमाणपत्र जाण्याची भीती. आकडे कंपनीला दिसणार असं कळलं, की माणूस त्या आठवड्यात लवकर झोपतो, चाचणीआधी कडक कॉफी घेतो आणि 'थकवा किती?' या रकान्यात कमीच लिहितो. म्हणजे गोपनीयता हा सौजन्याचा भाग नाही, मोजयंत्राचाच भाग आहे. ती गेली की यंत्र खोटं दाखवतं. आणि नुसतं नाव खोडून भागत नाही. छोट्या ताफ्यात मार्ग, तारीख आणि हुद्दा एवढ्यावर कोण ते कँटीनमध्येच ओळखतात. म्हणून तारखा सरकवायच्या, निष्कर्ष गटाचेच छापायचे आणि सांकेतिक क्रमांकांची यादी कंपनीच्या आवाराबाहेर ठेवायची. चेहरा पाहून थकवा ओळखणारे कॅमेरे विकणाऱ्यांनी याचं उत्तर आधी द्यावं: चित्रण कोणाच्या ताब्यात राहणार?

नासा १९७६ पासून चालवत असलेल्या ऐच्छिक सुरक्षा-नोंद व्यवस्थेत, जिथे वैमानिक घडलेल्या चुका आपणहून कळवतात, हे फार साधेपणाने सोडवलंय. कागदी अर्जाच्या वरच्या पट्टीवर नाव आणि फोन नंबर. अपघात किंवा गुन्हा नसेल, तर शंका विचारून झाल्या की ती पट्टी तारखेचा शिक्का मारून वैमानिकाला परत पाठवतात. वेळेत नोंद केल्याचा पुरावा त्याच्या हातात, आणि नासाकडे त्याचं नावच उरत नाही.