मार्च १९४४ च्या अंकातला अणुबाँब

न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकाच्या मार्च १९४४ च्या अंकात क्लीव्ह कार्टमिल यांची ‘डेडलाइन’ नावाची कथा आहे. कथा म्हणून ती बेताचीच. परग्रहावरचं युद्ध, शत्रूच्या मुलखात उतरलेला हेर, आणि लढणाऱ्या पक्षांची नावं सिक्सा आणि सेइला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले दोन पक्ष, ‘ॲक्सिस’ आणि ‘अलाइज’, उलटीकडून लिहून. पण हेराला जो बाँब निकामी करायचा आहे, त्याचं वर्णन वाचताना आजही दचकायला होतं. त्यात युरेनियम-२३५ हा युरेनियमचा दुर्मीळ प्रकार आहे, तो अलग करण्याची खटपट आहे, आणि एका ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त युरेनियम एकत्र आलं की स्फोट होतो हेही आहे. हिरोशिमाला तेव्हा जवळजवळ दीड वर्ष अवकाश होता.

गुपित फुटलं, असं अमेरिकी लष्कराच्या गुप्तहेर खात्याला वाटलं यात नवल नाही. अधिकारी संपादक जॉन कॅम्पबेल यांच्याकडे आणि लेखकाकडेही चौकशीला गेले. फुटलं काहीच नव्हतं. कॅम्पबेल भौतिकशास्त्राचे पदवीधर. कथेतला तांत्रिक भाग त्यांनीच पुरवला होता आणि तो साराच छापील होता. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये हान आणि श्ट्रासमान या शास्त्रज्ञांना युरेनियमचं केंद्रक दुभंगल्याचा पुरावा मिळाला. १९३९ मध्ये बोर आणि व्हीलर या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं, की मंद न्यूट्रॉनांनी दुभंगतं ते युरेनियम-२३५, जे नैसर्गिक युरेनियममध्ये जेमतेम ०.७ टक्के असतं. १९४० मध्ये आल्फ्रेड निअर यांनी त्याचा अगदी सूक्ष्म नमुना वेगळा काढला आणि प्रयोगांनी हे खरं ठरलं. कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात हे वाचायला मिळत होतं.

मला मात्र या कथेत बरोबर आलेल्या गोष्टींपेक्षा चुकलेल्या गोष्टी जास्त मोलाच्या वाटतात. कथेतल्या बाँबमध्ये युरेनियम ऑक्साइडची भुकटी कॅडमियम या न्यूट्रॉन शोषणाऱ्या धातूच्या पडद्यांनी वेगवेगळी ठेवली आहे. छोट्या स्फोटाने कॅडमियमची डबी फुटते, भुकटी मधल्या पोकळीत घरंगळते आणि रेडियम-बेरिलियमच्या कणातून न्यूट्रॉन सुटतात. वाचायला पटतं, पण कॅडमियम गिळतं ते मुख्यतः मंद न्यूट्रॉन. बाँब चालतो वेगवान न्यूट्रॉनांवर, आणि ते कॅडमियमला फारसे दाद देत नाहीत. भुकटीचंही तसंच. एक केंद्रक दुभंगताना सुटलेले न्यूट्रॉन पुढची केंद्रकं दुभंगतात, ही साखळी प्रक्रिया; तिची एकेक पिढी सेकंदाच्या कोट्यवधीव्या भागात उरकते. भुकटी सावकाश गोळा होत असतानाच न्यूट्रॉन मिळाले, तर प्रक्रिया अर्धवट पेटते, उष्णतेने सगळं विखुरतं आणि बाँब फुसका निघतो. म्हणूनच हिरोशिमावरच्या बाँबमध्ये धातुरूप युरेनियमचा एक भाग तोफेसारख्या नळीतून दुसऱ्यावर वेगाने डागला होता.

हे बारकावे लॉस अलामोस इथल्या अमेरिकेच्या गुप्त बाँब-प्रयोगशाळेच्या कुंपणाआड ठरत होते. १९४० च्या मध्यापासून अमेरिकी शास्त्रज्ञांनी या विषयावरचे निबंध स्वतःहून छापायचे थांबवले होते. त्यामुळे या कथेत उघड ज्ञान कुठवर पोहोचलं होतं ती रेघ स्पष्ट दिसते. इतिहासाच्या पुस्तकात ती इतकी ठळक सापडत नाही, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं.

अणुशक्तीवरच्या कथा एकाएकी बंद केल्या तर उलट संशय येईल, असं आपण अधिकाऱ्यांना पटवून दिलं, असं कॅम्पबेल पुढे सांगत. या म्हणण्यात तथ्य होतं. १९४२ मध्ये गिओर्गी फ्ल्योरोव्ह या तरुण सोव्हिएत शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की अमेरिकी नियतकालिकांत विखंडनावर, म्हणजे केंद्रक दुभंगण्यावर, आता काहीच येत नाही आणि त्या विषयातली मोठमोठी नावंही गायब आहेत. अमेरिकेत बाँबचं काम चालू असणार हे त्याने ताडलं आणि थेट स्टालिनला पत्र लिहिलं. पुढच्या वर्षी इगोर कुर्चातोव्ह यांच्या नेतृत्वाखाली सोव्हिएत अणुप्रकल्प सुरू झाला.