रताळे : सोंड्या भुंग्यापुढे वाणांची पारख

रताळ्याचे अनेक वाण एकाच शेतात शेजारी शेजारी लावून सोंड्या भुंग्यापुढे कोणता किती टिकतो, हे तपासण्याची पद्धत. हा भुंगा (सायलास फॉर्मिकेरियस) उष्ण प्रदेशातील रताळ्याचा प्रमुख शत्रू. आफ्रिकेत त्याच्या जोडीला सायलास पंक्टिकॉलिस व सायलास ब्रुनियस या जातीही आहेत. लांबी जेमतेम ६ ते ८ मिमी., डोके निळसर काळे, छाती व पाय तांबूस. घाईत पाहिले तर मुंगळाच वाटतो.

मादी वेलाच्या बुडात किंवा कंदात सोंडेने खळगा करून एक अंडे घालते आणि खळग्याचे तोंड विष्ठेने लिंपते. अळी आत पोखरू लागली की कंदात टर्पिनॉइड संयुगे तयार होतात. तो इतका कडू होतो की शिजवूनही खाववत नाही. म्हणून नुकसान केवळ पोखरलेल्या भागापुरते धरत नाहीत.

चाचणीत हमखास बळी पडणारा एक वाण तुलनेसाठी ठेवतात. काढणीला प्रत्येक वाफ्यातील किडक्या कंदांचे प्रमाण संख्येने व वजनाने काढतात; काही कंद आणि वेलांची बुडे चिरून आतल्या अळ्या व कोष मोजतात.

खरी गोम पुढे आहे. भुंग्याला माती उकरता येत नाही. तो भेगांतूनच कंदापर्यंत पोचतो. त्यामुळे खोल पोसणारा किंवा लवकर तयार होणारा वाण कीड चुकवतो, आणि शेतातल्या आकड्यांत तो प्रतिकारक दिसतो. वरंब्याच्या माथ्याशी पोसणारा वाण मात्र स्वतःच माती फोडून भुंग्याला वाट करून देतो. हा भेद कळावा म्हणून प्रयोगशाळेत उघडे कंदच भुंग्यांपुढे ठेवतात : एकदा निवडीला वाव देऊन, एकदा न देता. दुसरे काही मिळाले तर नाकारलेला वाण, पर्याय नसला की मुकाट खाल्ला जातो! दुसऱ्या चाचणीत टिकलेल्या वाणालाच प्रतिकारक म्हणणे बरे.

असे वाण थोडे. युगांडातील ‘न्यू कावोगो’ हे त्यांतले अभ्यासलेले उदाहरण. त्याच्या कंदाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिसिनॅमिक आम्लाची एस्टरे ही रासायनिक संयुगे आढळली. ती कृत्रिम खाद्यात मिसळली असता अळ्यांची वाढ लांबली व मरतूक वाढली. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन येथे निवडलेल्या ‘रीगल’, ‘रेझिस्टो’ या वाणांचा रोख मुख्यतः तारकिड्यांसारख्या (तारेसारख्या कडक, लांबट अळ्या) जमिनीतील किडींवर होता.

भारतात हे काम प्रामुख्याने तिरुवनंतपुरमजवळील श्रीकार्यम् येथील केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेत (स्थापना १९६३) चालते. शेतकऱ्याला वाण बदलण्यापेक्षा निरोगी बेणे, वरंब्याला मातीची भर, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नरांना ओढणारे) व वेळेवर काढणी यांवर भर ठेवायला सांगतात. चाचणीच्या वाफ्यात नेमके उलटे : सापळे लावत नाहीत आणि किडीचा पुरेसा दाब यावा म्हणून काढणी मुद्दाम लांबवतात.