धनुष्यबाणाने बीव्हरची रात्रशिकार

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत दलदली, संथ नद्या आणि तळी पुष्कळ आहेत. तेथे सपाट तळाच्या लहान होडीतून, दिव्याच्या उजेडात, दोरी बांधलेल्या बाणाने बीव्हर, म्हणजे झाडे कुरतडून ओढ्यांवर बांध घालणारा उंदराच्या वर्गातला मोठा पाणप्राणी, मारण्याची एक पद्धत आहे. ती मासे मारण्याच्या तिरंदाजीतून आली आणि तिची साधनेही जवळजवळ तीच आहेत. दरवर्षी मारल्या जाणाऱ्या बीव्हरांपैकी बहुतेक सापळ्यांत सापडतात, काही बंदुकीने मारले जातात. बाणाने मरणारे त्या मानाने फारच थोडे. तरीही ही पद्धत नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण तिच्यातली जवळपास प्रत्येक गोष्ट बीव्हरच्या शरीराने आणि पाण्याच्या स्वभावाने ठरवलेली आहे.

प्राणी : उत्तर अमेरिकी बीव्हर (कॅस्टर कॅनडेन्सिस) हा कॅपिबाराखालोखाल जगातला सर्वांत मोठा कृंतक (कुरतडणारा) प्राणी. पूर्ण वाढ झालेल्या बीव्हरचे वजन साधारण १६ ते ३० किलो भरते. पाण्यात शिरताच त्याच्या नाकपुड्या आणि कान मिटतात व डोळ्यांवर पारदर्शक पडदा येतो. ओठ पुढच्या दातांच्या मागे मिटत असल्यामुळे तोंडात पाणी न जाता तो बुडलेली फांदी कुरतडू शकतो. एरवी पाच-सहा मिनिटे आणि गरज पडल्यास पंधरा मिनिटांपर्यंत तो पाण्याखाली राहतो. नजर अधू असते, पण नाक आणि कान फार तिखट. दिवस तो घरात काढतो आणि सूर्यास्ताच्या सुमारास बाहेर पडून पहाटेपर्यंत काम करतो.

उत्तरेकडे हे घर म्हणजे तळ्याच्या मधोमध काटक्या आणि चिखल रचून केलेला ढीग असतो. दक्षिणेत, विशेषतः मोठ्या नद्यांवर, बीव्हर काठाच्या मातीतच बीळ खणतात. दोन्हीकडे वाट पाण्याखालूनच जाते. जखमी बीव्हर नेमका त्याच वाटेने आत जाऊन मरतो आणि शिकाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. दोरीच्या बाणाचा वापर याच अडचणीतून आला.

धनुष्यच का : सपाट पाण्यावर तिरकी लागलेली गोळी उसळून भलतीकडे जाते. रात्रीच्या वेळी, काठावर कोणाचे घर किंवा गुरे कुठे आहेत हे दिसत नसताना, ती जोखीम मोठी असते. शिवाय गोळीने मेलेला बीव्हर बरेचदा बुडतो आणि गढूळ पाण्यात सापडत नाही. बाणाला दोरी असली की या दोन्ही अडचणी सुटतात. मात्र त्याबदल्यात अंतर गमवावे लागते. मासेमारीचा बाण भरीव फायबरग्लासचा, जड आणि बिनपिसांचा असतो, त्याच्यामागे दोरीही ओढली जात असते. दहा-बारा मीटरच्या पलीकडे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून बंदुकीने काठावर बसून होणारे काम येथे होडीतून, अगदी जवळ जाऊनच करावे लागते.

साधने : होडी बहुधा अॅल्युमिनियमची, चार-पाच मीटर लांब, सपाट तळाची असते. तिला तेथे जॉन बोट म्हणतात. उथळ पाण्यात आणि बुडलेल्या खोडांमधून ती चालते, आणि माणूस उभा राहिला तरी फारशी डळमळत नाही. पुढच्या टोकाला उभे राहण्यासाठी फळी ठोकलेली असते. मोठे इंजिन जागेपर्यंत पोहोचण्यापुरते वापरतात, पुढे बॅटरीवरची छोटी मोटर लावतात किंवा वल्हे मारतात. माशांसाठी होडीच्या चारी बाजूंना दिवे लावून जनरेटर सुरू ठेवण्याची चाल आहे. बीव्हरला तो आवाज सोसत नाही, म्हणून बॅटरीवरचे एलईडी किंवा डोक्यावरचा एकच दिवा बरा.

धनुष्य कंपाउंड किंवा साधे रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले). कप्प्यांवर चालणाऱ्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ मध्ये मिसुरीच्या होलेस विल्बर अॅलन यांना मिळाले आणि अमेरिकी तिरंदाजी त्याने पार बदलून टाकली. पण होडीतल्या झटपट नेमाला अनेक जण आजही रिकर्व्हच पसंत करतात, कारण ते अर्धवट ओढूनही सोडता येते. ओढ साधारण १८ ते २३ किलोची पुरते. धनुष्यावर दोरी साठवणारी बाटली किंवा रीळ बसवलेले असते. दोरी निदान ९० किलोचा ताण सोसणारी हवी. बाणाच्या टोकाला मागे वळलेले आकडे असतात, ते आत गेल्यावर उघडून धरून ठेवतात.

एका लहानशा भागावर माणसाचा जीव अवलंबून असतो : बाणाच्या दांडीवर सरकणारी कडी. दोरी पूर्वी बाणाच्या मागच्या टोकाला बांधत. ती प्रत्यंचेत किंवा धनुष्याच्या कप्प्यात अडकली की सुटलेला बाण ताणलेल्या दोरीने झटक्यात परत येई आणि मारणाऱ्यालाच लागे. अशा अपघातांत माणसे गंभीर जखमी झाली आहेत. कडीमुळे बाण सुटेपर्यंत दोरी धनुष्याच्या पुढच्या बाजूलाच राहते. कडी नसलेला बाण होडीत असूच नये.

रात्रीचा क्रम : खरे काम दिवसा सुरू होते. ताज्या कुरतडलेल्या खोडांचा पांढरा लाकूडगाभा, काठावरची घसरण, चिखलाचे छोटे ढिगारे (त्यांवर बीव्हर आपल्या ग्रंथींचा वास सोडून हद्द सांगतो), ओला चिखल थापलेला बांध, यावरून कुटुंब कुठे राहते ते कळते. एका वसाहतीत बहुधा नरमादी, यंदाची पिल्ले आणि गेल्या वर्षीची पिल्ले एकत्र असतात. वारा कोणत्या बाजूने आहे हे पाहून होडी कुठून न्यायची ते ठरवतात, कारण माणसाचा वास बीव्हरपर्यंत उजेडाच्या आधी पोहोचतो.

काही जण संध्याकाळी बांधाला छोटे खिंडार पाडतात. वाहत्या पाण्याचा आवाज आला की बीव्हर दुरुस्तीला येतो. स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ लार्स विल्सन यांनी १९६० च्या दशकात पाळलेल्या बीव्हरांवर प्रयोग केले होते. नुसता वाहत्या पाण्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकूनही ते काटक्या-चिखल रचू लागले. खिंडाराची युक्ती चालते, पण तिच्यात एक दोष आहे : दुरुस्तीला बहुधा मोठी, जाणती जनावरे पुढे येतात, आणि मादी मारली गेली तर मागे पिल्ले उघडी पडतात.

होडीत दोघे असावेत, एक वल्ह्यावर आणि एक पुढे. पाण्यावर आधी दिसते ती जनावरामागे फाकत जाणारी रेघ, मग रुंद, सपाट डोके. येथे ओळख चुकता कामा नये. मस्करॅट हाही पाण्यातला कृंतक, पण अगदी लहान, किलोभराचा, त्याची बारीक शेपटी मागे वळवळताना दिसते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या नट्रिया या कृंतकाच्या मिशा पांढऱ्या आणि शेपटी गोल. पाणमांजर मान उंच काढते, डुबक्या मारत जाते आणि पुन्हा वर येऊन माणसाकडे पाहते. पाणमांजरांच्या शिकारीचे नियम वेगळे आणि बरेचदा कडक असतात. खात्री नसेल तर बाण सोडायचा नाही.

पोहणाऱ्या बीव्हरचे डोके पाण्याबाहेर असते, कधी पाठीचाही थोडा भाग. खांदा पाण्याखाली असतो, आणि प्रकाश वाकत असल्यामुळे तो असतो त्यापेक्षा वर दिसतो. म्हणून नेम दिसतो त्याच्या खाली धरावा लागतो, आणि जितके पाणी जास्त तितके खाली. दुरून डोके लहान आणि हलते असते. आडवा जाणारा, पाच-सात मीटरवरचा, पाठ उघडी असलेला बीव्हर सोडला तर बाकी संधी बहुतेक वेळा सोडूनच द्याव्या लागतात. शेपटीचा सपाटा पाण्यावर वाजला की त्या भागातली सगळी जनावरे बुडी मारतात. मग दिवा विझवून अर्धा तास स्वस्थ बसण्याखेरीज उपाय नसतो.

बाण लागल्यावर दोरी हाताने धरायची नाही, निदान उघड्या हाताने तर नाहीच. वीस किलोचे जनावर पाण्याखाली जोर करते तेव्हा दोरीचा वेढा बोटावर पडला तर बोट जाते. दोरीला तरंगता गोळा जोडलेला असला की जनावर कुठे आहे ते कळत राहते. ते वर येताच दुसरा बाण मारून लगेच संपवतात. जिवंत बीव्हर होडीत घेणे वेडेपणाचे आहे, त्याचे दात ओले लाकूड चिरतात. आणि अंगावर जीवरक्षक जाकीट नसेल तर या शिकारीला निघूच नये. अंधारात, खोडांमध्ये, उभ्याने तोल सांभाळायचा असतो आणि हिवाळ्यात पाणी गार असते.

पार्श्वभूमी : पोलादी सापळ्यांच्या आधी क्री, इन्नू आणि इतर उत्तरेकडील आदिवासी लोक बर्फ फोडून, घरे उघडून, जाळी व भाल्यांनी बीव्हर धरत. उघड्या पाण्यात बाणही वापरत. क्री शिकाऱ्यांत मारलेल्या बीव्हरची हाडे कुत्र्यांना न टाकता पाण्यात परत सोडण्याची रीत होती, जनावराचा मान राखला नाही तर ते पुन्हा हाती येत नाही, या समजुतीने. युरोपी व्यापाराने हे प्रमाणच मोडले. बीव्हरच्या मऊ अंतर्लोमापासून टोप्यांचा नमदा (दाबून केलेले जाड कापड) उत्तम होत असे. १६७० मध्ये सनद मिळालेल्या हडसन्स बे कंपनीने तर बीव्हरचे कातडे हेच मालाच्या किमतीचे माप ठरवले. १८४० च्या सुमारास रेशमी टोप्यांची चलती झाली, तोवर अनेक प्रदेशांतून हा प्राणी नाहीसा झाला होता.

विसाव्या शतकात, मुख्यतः १९३० ते १९५० च्या दशकांत, अमेरिकी राज्यांनी बीव्हर पुन्हा आणून सोडले. आयडाहोत १९४८ मध्ये ७६ बीव्हर पेट्यांतून हवाई छत्रीने दुर्गम भागात उतरवले गेले, त्यांतला फक्त एक दगावला. दक्षिणेत बर्फ नाही, अन्न मुबलक आणि लांडगे तर जवळपास संपलेले, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढली. ओक आणि इतर मौल्यवान झाडे वाढीच्या हंगामात पाण्यात उभी राहिली की मरतात. रस्त्याखालच्या मोऱ्या तुंबतात, शेते बुडतात. जिथे हा प्राणी मुळात नव्हता तिथे तर फारच नुकसान झाले : अर्जेंटिनाने १९४६ मध्ये दक्षिण टोकाच्या तिएरा देल फुएगो बेटांवर कॅनडातून आणलेल्या मूठभर बीव्हरांची संतती आज तिथली जंगले बुडवते आहे, आणि तिथली लेंगा नावाची झाडे अमेरिकी विलोसारखी बुंध्यापासून पुन्हा फुटत नाहीत.

कायदा : नियम राज्यागणिक बदलतात. मिसिसिपीत बीव्हर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत आहे. लुइझियानात खासगी जमिनीवर उपद्रवी प्राणी रात्री मारण्याची मुभा ठराविक अटींवर मिळते. इतर पुष्कळ राज्यांत तो केसाळ कातडीचा प्राणी म्हणून हंगामी संरक्षणात येतो, आणि दिवा लावून रात्री शिकार करणे हा गंभीर गुन्हा ठरतो. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये कातड्यांसाठी सापळे लावण्यावरच बंदी घातली. नॉर्वेत बीव्हरची शिकार चालते, पण बंदुकीने, तिथे धनुष्याला बंदी आहे. ब्रिटनमध्ये वन्य प्राण्यावर धनुष्य चालवणे १९८१ पासून बेकायदा आहे, आणि तिथले युरेशियन बीव्हर आता संरक्षित आहेत. भारतात बीव्हर नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर येथे शिकार हा छंद राहिलेला नाही. त्यामुळे महाराष्ट्रातून अमेरिकेत स्थायिक झालेल्यांपैकी कोणी अशा होडीवर गेला, तर परवाना आणि जमीनमालकाची परवानगी आधी हाती असावी.

उपयोग आणि मर्यादा : अमेरिकेच्या कृषी खात्याची वन्यजीव सेवा वर्षाला वीस हजारांहून अधिक बीव्हर मारते. तरीही त्याच ओढ्यांवर तक्रारी पुन्हा येतात, कारण चांगली जागा रिकामी झाली की दोन वर्षांची, घर सोडून निघालेली तरुण जनावरे तिथे येऊन बसतात. त्यामुळे धनुष्याने एक-दोन बीव्हर मारून पूर थांबतो, हा दावा खरा मानता येत नाही. बांधातून पाइप घालून पाण्याची पातळी उतरवण्याची सोय अधिक टिकाऊ आहे. दक्षिण कॅरोलायनातील क्लेमसन विद्यापीठात अशी एक रचना तयार झाली. ती वापरली तर बीव्हर, तळे आणि त्या तळ्यावर जगणारी बदके, बेडूक, मासे सगळेच राहतात.

शिकार करायचीच असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ योग्य. त्यानंतर माद्या गाभण असतात आणि वसंतात घरात दूधपिती पिल्ले असतात. कायद्यात बंदी नसलेल्या ठिकाणीही हा संयम पाळला जावा असे वाटते.

मारलेला बीव्हर वाया घालवत नाहीत. हिवाळ्यातले कातडे दाट असते, पण बाणाच्या भोकामुळे त्याची किंमत घटते. मागच्या मांड्यांचे गडद, चरबी काढलेले मांस तासन्‌तास मंद आचेवर शिजवतात. कॅस्टोरियम या वासाच्या स्रावाच्या ग्रंथी सापळेवाल्यांना आणि अत्तरवाल्यांना विकल्या जातात, त्या फुटू न देता काढाव्या लागतात, नाहीतर मांसाला वास लागतो. सोलताना हातमोजे घालतात, कारण बीव्हरपासून माणसाला ट्युलरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. आणि ज्या पाण्यात तो राहतो ते जिआर्डिया या आतड्यांचा रोग करणाऱ्या परजीवीमुळे उकळल्याशिवाय पीत नाहीत.