बर्नआउट वेगळं, सेकंडरी ट्रॉमा वेगळा

समुपदेशकांच्या बैठकीत कुणी 'हल्ली झोपच लागत नाही' म्हटलं की चार जण एकदम सांगतात, 'बर्नआउट झालंय, सुट्टी टाक, पन्हाळ्याला जाऊन ये.' पन्हाळ्याशी माझं भांडण नाही. काही न विचारता निदान ठोकून देण्याशी आहे.

बर्नआउट सगळ्यांना ठाऊक आहे: कामाचा ताण साचत जातो, मग थकवा, कामाबद्दल तुटकपणा, 'माझ्यानं काही होत नाही' ही भावना. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत त्याची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. ते बँकेतल्या क्लार्कलाही होतं.

सेकंडरी ट्रॉमा कामाच्या ओझ्यातून येत नाही, ऐकलेल्या गोष्टीतून येतो. समजा, २०१९ च्या महापुरानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या लोकांशी बोलणारी एक समुपदेशक आहे. दिवसाला दोनच सेशन, पगार वेळेवर, वरिष्ठ समजूतदार. एका बाईंनी तिला दावणीच्या म्हशीचं सांगितलं: पाणी चढत गेलं, दावं सोडायलाही सवड मिळाली नाही. आता पत्र्यावर पाऊस वाजला की ही रात्री उठून दार उघडते, पाणी आलंय का बघते. तिचं घर नदीपासून लांब, उंचावर. म्हशीचं हंबरणं तिनं ऐकलेलंच नाही, तरी ते कानात येतं. शिरोळकडची नवी केस आली की काहीतरी निमित्त काढून पुढे ढकलते. कामाला ती कंटाळलेली नाही. नको असताना येणारे आवाज आणि दृश्यं, टाळाटाळ, सतत सावध राहणं: ही सगळी पीटीएसडीच्या, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराच्या वळणाची लक्षणं आहेत. बर्नआउट सावकाश चढतं. हे एखाद्या सेशननंतरही सुरू होऊ शकतं.

म्हणूनच सुट्टीचा सल्ला इथं फसतो. थकलेला माणूस पन्हाळ्यावर निदान झोपतो तरी. हिच्याबरोबर ती म्हैसही गड चढते. सुगंधी मेणबत्त्या आणि रंगकाम असलेल्या 'सेल्फ-केअर' कार्यशाळांचं तर नावच काढू नका. तिला हवं ते सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकासमोर आपल्या केसेसबद्दल नियमित बोलणं. क्लायंटची ओळख झाकून, नेमकं त्या सेशनबद्दल तिथं बोलायचं. जड केसेस एकाच माणसाच्या गळ्यात पडू नयेत, हे संस्थेनं बघायचं. तरीही त्रास हटला नाही तर स्वतःसाठी थेरपिस्ट गाठायचा. सुपरव्हायझरलाच थेरपिस्ट करायचं नाही.

बर्नआउट आणि सेकंडरी ट्रॉमा दोन्ही एकाच वेळी असू शकतात. प्रोक्वॉल ही ३० प्रश्नांची प्रश्नावली दोन्हींचे गुण वेगवेगळे काढते. त्यावरून निदान होत नाही, पण बोलायला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

क्लायंट मंडळींनो, 'मॅडम, हे ऐकून तुम्हाला त्रास होत असेल ना?' म्हणत अर्ध्यात थांबू नका. ऐकलेल्याची सोय लावणं हे आमचं काम आहे. ती लावलीय का अशी शंका असेल, तर 'तुमचं सुपरव्हिजन चालू आहे ना?' असं खुशाल विचारा. या प्रश्नाचा राग येणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.