एकवीस दिवसांचं इंजेक्शन

प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटली, तर डॉक्टर तिला आवर घालणारी औषधं देतात. प्रतिजैविकांचं काम जिवाणू मारणं, आणि ऑटोइम्यून आजारात मारण्यासारखा जिवाणू समोर नसतो. तरीही अशाच एका आजारात साधं, स्वस्त पेनिसिलिन सत्तरहून अधिक वर्षं मुलांची हृदयं वाचवत आलं आहे. तो आजार म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर.

सुरुवात घशापासून होते. साधारण ५ ते १५ वर्षांच्या मुलाला ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूचा संसर्ग होतो, घसा दुखतो, ताप येतो आणि चार-पाच दिवसांत सगळं ओसरतं. घरचे विसरूनही जातात. पण या जिवाणूच्या आवरणावर 'एम' नावाचं प्रथिन असतं आणि त्याचे काही भाग माणसाच्या हृदयातल्या मायोसिनसारख्या प्रथिनांशी मिळतेजुळते असतात. जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं आणि टी-पेशी दोन-तीन आठवड्यांनी या साम्याला फसतात आणि आपल्याच शरीरावर हल्ला करतात. आज गुडघा सुजतो, परवा घोटा. सांधे काही आठवड्यांत पूर्ववत होतात, हृदयाच्या झडपा मात्र होतीलच असं नाही. 'हा आजार सांधे चाटतो, पण हृदयाला चावतो', असं फ्रेंच वैद्य लासेग यांनी एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवलं होतं. सर्वांत जास्त मार बसतो तो डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला. ती आधी गळू लागते, पुढे जाड होते, कडा एकमेकींना चिकटतात आणि वाट अरुंद होते.

ही प्रतिक्रिया एकदा सुरू झाली की पेनिसिलिनला तिच्याशी काही करता येत नाही. ॲस्पिरिनसारख्या औषधांनी सांध्यांना आराम पडतो. झडपेची इजा नक्की थांबवेल असं औषध आजही हाताशी नाही. पेनिसिलिनचा उपयोग दोनच ठिकाणी होतो, आणि दोन्ही ठिकाणं हल्ल्याच्या अलीकडची आहेत.

पहिलं ठिकाण घसा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या वायोमिंगमधल्या वॉरन हवाई तळावर स्ट्रेप्टोकोकसच्या साथी वारंवार येत. तिथे चार्ल्स रॅमेलकॅम्प आणि सहकाऱ्यांनी घसा बिघडलेल्या जवानांपैकी काहींना पेनिसिलिन दिलं, काहींना दिलं नाही. १९५० मध्ये निकाल छापून आले: पेनिसिलिन मिळालेल्या ७९८ जणांपैकी २ जणांना ऱ्हुमॅटिक फीवर झाला, न मिळालेल्या ८०४ पैकी १७ जणांना. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हा ताप टळू शकतो, हे गणित तेव्हापासून वैद्यकात रुजलं.

दुसरं ठिकाण अधिक महत्त्वाचं. एकदा हा ताप येऊन गेलेल्या मुलाला पुन्हा स्ट्रेप्टोकोकस झाला, तर प्रतिकारशक्ती जुनीच चूक जास्त जोमाने करते आणि झडप आणखी बिघडते. म्हणून तो पुन्हा होऊच द्यायचा नाही. यासाठी बेंझाथिन पेनिसिलिन वापरतात. हे क्षार स्नायूत अगदी सावकाश विरघळतं आणि रक्तात आठवडे पुरतं. चौथ्या आठवड्यात पातळी खाली येते, म्हणून आपल्याकडे साधारण दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन देतात. मोठ्यांना १२ लाख युनिट, लहान मुलांना ६ लाख. हृदयाला इजा नसेल तर किमान पाच वर्षं किंवा वयाच्या २१ पर्यंत, झडप बिघडली असेल तर त्याहून कितीतरी जास्त, कधी चाळिशीपर्यंत. 'पेनिड्युअर' हे या इंजेक्शनचं बाजारातलं नाव अशा घरांत सगळ्यांना पाठ असतं.

झडप नुकतीच बिघडू लागली आहे, मुलाला काही जाणवतही नाही, अशा वेळी इंजेक्शनचा उपयोग होतो का? हे कोडं बराच काळ सुटलं नव्हतं. युगांडामध्ये एक लाखाहून जास्त मुलांची इकोकार्डिओग्राफीने (हृदयाच्या सोनोग्राफीने) तपासणी झाली आणि त्यांतून सुप्त आजार असलेली ८१८ मुलं निवडून दोन गट केले. २०२१ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्या गटात ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांत ८.२ टक्के. दहापट फरक! वैद्यकीय चाचण्यांत इतका स्वच्छ निकाल क्वचितच लागतो.

'प्रतिजैविकं हृदयासाठी चांगली' असा अर्थ मात्र यातून काढू नये. रक्तवाहिन्यांमधल्या थरांत क्लॅमिडिया न्यूमोनी हा जिवाणू सापडल्यावर, प्रतिजैविकांनी हार्ट अटॅक टळतील अशी मोठी आशा होती. ॲझिथ्रोमायसिन हजारो रुग्णांना देऊन पाहिलं, अगदी वर्षभरही. हाती काही लागलं नाही. डेन्मार्कमध्ये दोन आठवडे क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेल्या हृदयरुग्णांत तर मृत्यू जास्त दिसले. ऱ्हुमॅटिक फीवरमध्ये गुन्हेगार नेमका माहीत आहे, आणि आश्चर्य म्हणजे इतक्या वर्षांनंतरही तो पेनिसिलिनला दाद देतो. त्यामुळेच हे जमतं.

अडचण आहे ती इंजेक्शनचीच. दाट, दुधासारखं द्रव जाड सुईने नितंबात जातं आणि चांगलंच दुखतं. चार इंजेक्शनं झाली, मूल धडधाकट दिसतंय, शाळा बुडते, दवाखान्यात जायचं म्हणजे पालकाची रोजी जाते. मग पाचवं राहतं. यात पालकांना दोष देणं मला तरी पटत नाही. शिवाय तीव्र ॲलर्जीच्या भीतीने काही दवाखाने ते द्यायलाच तयार नसतात, जरी अशी ॲलर्जी दुर्मिळ असली तरी. झडपांचा आजार फार पुढे गेलेल्या रुग्णांमध्ये इंजेक्शननंतर झालेले काही मृत्यू ॲलर्जीने नव्हे, तर आधीच थकलेल्या हृदयाने साथ सोडल्यामुळे झाले असावेत, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये सांगितलं. अशांना तोंडावाटे गोळ्या देण्याचा सल्ला त्यांनी दिला आहे.

मुलींच्या बाबतीत चुकलेल्या इंजेक्शनांचा हिशेब बरेचदा गरोदरपणात समोर येतो. त्या काळात रक्ताचं प्रमाण चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, ते अरुंद मायट्रल झडपेतून पुढे सरकत नाही, फुप्फुसांत तुंबतं आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात धाप लागते. लहानपणी घसा दुखला होता की सांधे सुजले होते, हे तेव्हा कोणालाच आठवत नसतं. अशा वेळी मांडीच्या शिरेतून बारीक फुगा नेऊन झडप फाकवावी लागू शकते, तीही पोटात बाळ असताना.