कॅलिफोर्नियाचे वैद्यकीय गांजा ओळखपत्र: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाआधी पाहायचा फेडरल कायदा

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये प्रस्ताव ६४ मंजूर केला आणि १ जानेवारी २०१८ पासून, एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परवानाधारक दुकानातून गांजा विकत घेण्याची मुभा मिळाली. एका वेळी २८.५ ग्रॅमपर्यंत सुका गांजा जवळ बाळगता येतो आणि प्रत्येक घरात सहा झाडे लावता येतात. असे असताना वैद्यकीय ओळखपत्र काढायचे कशाला, हा प्रश्न सॅन होजे-फ्रीमॉन्टकडच्या मराठी घरांतही विचारला जातो, विशेषतः घरात कोणाला जुनाट सांधेदुखी असेल किंवा केमोथेरपी सुरू असेल तेव्हा.

ओळखपत्राचे फायदे मोजके आहेत. पहिला म्हणजे खरेदीवर विक्रीकर लागत नाही. अबकारी कर मात्र भरावाच लागतो. दुसरा म्हणजे बाळगण्याची मर्यादा आठ औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे २२७ ग्रॅमपर्यंत वाढते. तिसरा फायदा असा की राज्याच्या पोलिसांनी हटकल्यास आपण रुग्ण आहोत, हे जागच्या जागी दाखवता येते. ओळखपत्राची फी जास्तीत जास्त १०० डॉलर आहे. विक्रीकर नऊ टक्के धरला तर वर्षाला अकराशे डॉलरहून अधिक खरेदी असेल तरच ही फी वसूल होते, आणि डॉक्टरांची फी वेगळीच. कधीमधी एखादी गमी (गांजा घातलेली चघळायची गोळी) घेणाऱ्याला हा व्यवहार परवडण्यासारखा नाही, असे माझे मत आहे.

ही योजना ऐच्छिक आहे. १९९६ च्या प्रस्ताव २१५ ने कॅलिफोर्नियात वैद्यकीय वापराला प्रथम मान्यता दिली आणि २००३ च्या एका कायद्याने ओळखपत्राची व्यवस्था उभी केली. अर्जदार ज्या काउंटीत (जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात) अर्ज करतो तिथला रहिवासी असावा लागतो आणि त्याला कायद्याने मान्य केलेला गंभीर आजार असावा लागतो. कर्करोग, एड्स, काचबिंदू, अपस्मार, अर्धशिशी, संधिवात, दीर्घकाळची वेदना आणि तीव्र मळमळ यांची नावे यादीत आहेतच. शिवाय दैनंदिन जगणे अवघड करणारे इतर जुनाट लक्षणही चालते. अठरा वर्षांखालील रुग्णासाठी साधारणपणे पालक अर्ज करतात. रुग्णाची देखभाल सातत्याने करणाऱ्या व्यक्तीची प्रमुख देखभालकर्ता म्हणून नोंद करता येते आणि तिचे स्वतंत्र ओळखपत्र निघते.

कागदपत्रांमध्ये सर्वात महत्त्वाचे आहे ते डॉक्टरांचे लेखी शिफारसपत्र. ही औषधाची चिठ्ठी नव्हे. फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कायद्यामुळे डॉक्टर गांजा ‘लिहून’ देऊ शकत नाहीत. पण रुग्णाला त्याचा उपयोग होईल, असे मत देणे हे त्यांचे भाषणस्वातंत्र्य आहे, असे फेडरल अपील न्यायालयाने २००२ मध्ये कोनंट विरुद्ध वॉल्टर्स या खटल्यात ठरवले. त्यामुळे शिफारसपत्र घेऊन नेहमीच्या फार्मसीत गेल्यास काहीही मिळणार नाही. पत्र देणाऱ्या डॉक्टरांकडे कॅलिफोर्नियाचा वैध परवाना असावा लागतो. त्यासोबत सरकारी छायाचित्र ओळखपत्र आणि रहिवासाचा पुरावा द्यावा लागतो. भाडेकरार, घरकर्जाची कागदपत्रे, विजेचे किंवा पाण्याचे बिल अथवा गाडीची नोंदणी यांपैकी काहीही चालते. बिल जोडीदाराच्या नावावर असल्यामुळे अडचण येण्याची शक्यता असते, म्हणून भाडेकरारावर दोघांची नावे आहेत का, ते आधी पाहून ठेवावे.

भरलेला अर्ज आणि ही कागदपत्रे घेऊन काउंटीच्या आरोग्य विभागात स्वतः जावे लागते. छायाचित्र तिथेच काढतात. मेडी-कॅल या कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना फी निम्मी लागते. अर्ज दिल्यापासून ३० दिवसांत काउंटीने पडताळणी करायची असते आणि पडताळणी झाल्यावर ५ दिवसांत ओळखपत्र द्यायचे असते. कागद अपुरे असतील तर काउंटी कळवते, पण तेवढा वेळ लांबतो. अर्ज फेटाळला गेल्यास ३० दिवसांत राज्याच्या आरोग्य विभागाकडे अपील करता येते. एरवी सहा महिने पुन्हा अर्ज करता येत नाही. ओळखपत्र फार तर एक वर्ष चालते.

हाती पडलेल्या ओळखपत्रावर आपले नाव कुठेच दिसत नाही, याचे अनेकांना नवल वाटते. त्यावर छायाचित्र असते, एक क्रमांक असतो, मुदतीची तारीख असते आणि काउंटीचा दूरध्वनी क्रमांक असतो. तो क्रमांक राज्याच्या संकेतस्थळावर टाकला की ओळखपत्र वैध आहे की नाही, एवढेच कळते. अर्जातली माहिती वैद्यकीय माहिती म्हणून गोपनीय मानली जाते.

इथवरचा सारा मामला राज्याचा झाला. १९७० च्या नियंत्रित पदार्थ कायद्याने गांजाला पहिल्या सूचीत, हेरॉइनच्या पंक्तीत बसवले, आणि राज्याचा कायदा हा त्यावरचा उतारा नाही. ऑगस्ट २००२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ब्यूट काउंटीत डायेन मॉन्सन या रुग्ण महिलेच्या घरी काउंटीचे आणि फेडरल असे दोन्ही अधिकारी पोहोचले. त्यांची सहा झाडे राज्याच्या कायद्यात बसतात, असे काउंटीच्या अधिकाऱ्यांनी मान्य केले. तरीही तीन तासांच्या वादावादीनंतर फेडरल अधिकाऱ्यांनी ती सहाही झाडे जप्त करून नष्ट केली. मॉन्सन आणि दुसऱ्या एक रुग्ण एंजल रेच यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जून २००५ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल फेडरल सरकारच्या बाजूने लागला. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये, राज्यांच्या वैद्यकीय योजनांत आडकाठी घालण्यासाठी न्याय विभागाने पैसे खर्च करू नयेत, अशी अट संसदेने खर्चाच्या कायद्यात घातली. या अटीमुळे खटल्यांना आळा बसला, पण मूळ कायदा जागचा हलला नाही. मे २०२४ मध्ये न्याय विभागाने गांजा तुलनेने सौम्य नियमांच्या तिसऱ्या सूचीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला. परंतु तिसऱ्या सूचीतला पदार्थही नियंत्रितच असतो, हे व्हिसाधारकांनी विसरू नये.

कारण अमेरिकेचे नागरिक नसलेल्यांसाठी पात्रतेची खरी यादी काउंटीच्या कार्यालयात नसून इमिग्रेशनच्या कायद्यात आहे. नियंत्रित पदार्थांचा गुन्हा केल्याचे नुसते कबूल केले, तरी प्रवेश किंवा ग्रीन कार्ड नाकारले जाऊ शकते; त्यासाठी शिक्षा झालेलीच असावी लागते असे नाही. नागरिकत्वाच्या बाबतीत इमिग्रेशन विभागाने १९ एप्रिल २०१९ रोजी धोरण स्पष्ट केले, ते असे की राज्यात कायदेशीर असले तरी गांजासंबंधीचे फेडरल उल्लंघन ‘चांगले नैतिक चारित्र्य’ सिद्ध करण्याच्या आड येऊ शकते, आणि त्यात गांजा उद्योगातली नोकरीही येते. त्याच सुमारास कोलोराडोत या उद्योगात काम केलेल्या कायम रहिवाशांची अडवणूक झाल्याने डेन्व्हरच्या महापौरांनी फेडरल अ‍ॅटर्नी जनरलना पत्र लिहिले होते. तेव्हा एच-१बी किंवा ग्रीन कार्डावर असणाऱ्यांनी अशा कंपनीची नोकरी स्वीकारण्यापूर्वी वकिलाला विचारलेले बरे.

नागरिकत्वाच्या नियमात एक सवलत आहे: ३० ग्रॅम किंवा त्याहून कमी गांजा केवळ जवळ बाळगल्याचा एकच प्रसंग. राज्याची मर्यादा २८.५ ग्रॅम आणि ही सवलत ३० ग्रॅमची, हे आकडे इतके जवळचे आहेत की माणूस निर्धास्त होतो. पण सवलत एकाच प्रसंगापुरती आहे. दर महिन्याला दुकानात जाणारा ओळखपत्रधारक तिच्यात बसत नाही. काउंटी आपली माहिती इमिग्रेशनला कळवेल, ही भीती मला अनाठायी वाटते. खरा प्रसंग येतो तो नागरिकत्वाच्या मुलाखतीत, शपथेवर विचारलेल्या प्रश्नाच्या वेळी, किंवा ग्रीन कार्डासाठीच्या वैद्यकीय तपासणीत. खोटे बोलणे हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर दोष ठरतो. मुलाखत अजून दूर असेल, तर ओळखपत्राचा अर्ज भरण्याआधी वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे.

नोकरीबाबत परिस्थिती थोडी सुधारली आहे. वैद्यकीय वापर करणाऱ्याला कामावरून काढण्याचा मालकाचा हक्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केला होता. १ जानेवारी २०२४ पासून मात्र कामाच्या वेळेबाहेरील वापरावरून भेदभाव करण्यास मनाई आहे. बांधकाम क्षेत्र आणि फेडरल सुरक्षा तपासणी लागणाऱ्या नोकऱ्या यांना त्यातून वगळले आहे.

ओळखपत्र खिशात असले तरी योसेमिटीसारख्या राष्ट्रीय उद्यानात ते चालत नाही, कारण ती जमीन फेडरल सरकारची आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून लास वेगासला नेलेला गांजाही फेडरल गुन्ह्यात मोडतो, दोन्ही राज्यांत विक्री कायदेशीर असली तरी. सुट्टीवर येणाऱ्या आईवडिलांच्या गुडघेदुखीसाठी ओळखपत्र काढण्याचा विचार असेल, तर पर्यटक व्हिसावरच्या व्यक्तीकडे काउंटीचा रहिवास दाखवणारी कागदपत्रे बहुधा नसतात, आणि परत येताना विमानतळावर झालेली चौकशी त्यांच्या पुढच्या प्रवेशाला बाधक ठरू शकते. उरलेल्या गमीज बॅगेत टाकून मुंबईला नेणे हा तर १९८५ च्या भारतीय अमली पदार्थ कायद्याखाली आयातीचा गुन्हा होतो, आणि तिथे कॅलिफोर्नियाचे शिफारसपत्र दाखवून सुटका होत नाही.