ब्राउनसी बेटापासून 'खरी कमाई'पर्यंत

शाळेत स्काऊटचा तास असलेल्यांना 'खरी कमाई', म्हणजे स्वतः काम करून पैसे मिळवायचा उपक्रम, नक्की आठवत असेल. गळ्यात स्कार्फ, पुढ्यात भेळेचं सामान, वर्गातलीच पोरं गिऱ्हाईक, आणि शेवटी संघनायकाने मोजलेली चिल्लर. भेळेत मीठ जास्त पडलं तर काय करायचं, हे संघानेच ठरवायचं. सर बाजूला उभे. काम मुलांवर सोपवून मोठ्या माणसाने एक पाऊल मागे राहायचं, ही रीत मला फार मोलाची वाटते. तिचा माग काढत गेलं की आपण दक्षिण आफ्रिकेतल्या एका वेढ्यापाशी पोचतो.

१३ ऑक्टोबर १८९९ ते १७ मे १९००, असे २१७ दिवस बोअर, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या वसाहतकऱ्यांच्या, सैन्याने माफेकिंग गावाला वेढा घातला होता. गावाच्या बचावाची जबाबदारी पुढे स्काऊट चळवळ सुरू करणारे ब्रिटिश कर्नल रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्याकडे होती. माणसं अपुरी पडली म्हणून गावातल्या मुलांचं कॅडेट पथक तयार झालं. ते उभं केलं लॉर्ड एडवर्ड सेसिल यांनी, पण त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं. मुलं निरोप पोचवायची, आधी गाढवांवरून आणि पुढे सायकलींवरून. याच वेढ्यात धान्यवाटपात काळ्या रहिवाशांचे अतोनात हाल झाले, तेही विसरता येत नाही. बेडन-पॉवेल यांच्या मनात मात्र एक गोष्ट ठसली: खरं काम दिलं तर पोरं ते चोख करतात.

१ ऑगस्ट १९०७ पासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्राउनसी बेटावर त्यांनी शिबिर घेतलं. मुलं वीसच्या आसपास. काही ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली, बाकीची पूल आणि बोर्नमथ या शहरांतल्या साध्या घरांतली. त्या काळच्या इंग्लंडात ही पोरं एका तंबूत झोपतील असं कुणाच्या मनातही आलं नसतं. कुडू जातीच्या कुरंगाचं नागमोडी शिंग फुंकून सकाळी त्यांना उठवलं जाई. लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळे असे चार संघ होते. प्रत्येकाचा नायक त्यांच्यातलाच एक मोठा मुलगा, आणि संघाच्या वागण्याची पूर्ण जबाबदारी त्याची.

या शिबिरातली रात्रीची चौकी मला सगळ्यात आवडते. दर रात्री एक संघ तळापासून दूर मुक्कामाला जाई. सोबत पीठ, बटाटे, मांस आणि चहा असा कच्चा शिधा. पाव ज्याचा त्यानेच भाजायचा, पहाऱ्याच्या पाळ्या आपसांत लावायच्या. अंधारात बेडन-पॉवेल स्वतः दबकत यायचे, पहारेकरी जागा आहे का बघायला. एका मुलाने त्यांना पकडलंसुद्धा!

पुढच्या वर्षी त्यांचं 'स्काऊटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक पाक्षिक भागांत निघालं आणि गावोगावी मुलांनी आपणहून पथकं काढली. भारतात १९०९ मध्ये बंगळुरूला पहिलं पथक निघालं खरं, पण त्याचं दार फक्त युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांना उघडं होतं. शिस्त शिकलेली, रानावनात वाट काढणारी भारतीय पोरं उद्या क्रांतिकारक झाली तर, ही सरकारची धास्ती. आपल्याकडे १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडचा आणि १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झालेला. वस्तादाच्या हाताखाली मुलं घडणाऱ्या तालमींकडेही सरकार संशयानेच बघे.

दार उघडेना, तेव्हा लोकांनी आपलं घर बांधलं. श्रीराम बाजपेयी यांनी १९१३ मध्ये शाहजहाँपूरला पथक काढलं. १९१६ मध्ये ॲनी बेझंट यांनी मद्रासला संघटना स्थापली. तिची मुलं फेटे बांधत आणि देशी गाणी म्हणत. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीचं स्काऊट दल उभारलं. मेळ्यात चुकलेल्या म्हातारीला तिच्या माणसांपर्यंत पोचवणं हेही स्काऊटचं काम झालं, आणि आपल्या मातीत ही कल्पना रुजली ती इथेच, असं मला वाटतं.

स्वातंत्र्यानंतर वेगवेगळ्या संघटना एकत्र आणण्याची खटपट झाली. त्यात कुंझरूंबरोबर नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती विव्हियन बोस होते. मध्य प्रांत-वऱ्हाडात त्यांनी कित्येक वर्षं हे काम केलं होतं. ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट्स आणि गाईड्सची स्थापना झाली. पुढच्या वर्षी मुलींची संघटनाही तीत आली.

आज बऱ्याच शाळांत गणवेश आणि संचलन टिकलंय, पण चौकीची रात्र गळाली आहे. याची मला खंत वाटते. गेल्या पावसाळ्यात राजमाचीच्या वाटेवर आम्ही आठवीतल्या एका मुलाला सगळ्यांच्या मागे ठेवलं होतं. मध्येच एका लहानग्याच्या बुटाचा तळवा सुटला. मी वीसेक पावलं पुढे होतो. थांबलो, पण मागे गेलो नाही. आठवीतल्या त्या मुलाने आपला स्कार्फ सोडला, बुटाभोवती गुंडाळला, पहिली गाठ घसरली म्हणून पुन्हा मारली आणि लहानग्याला म्हणाला, "चल, टाकून बघ पाय."